माडी मुंबईची, जोतं कोकणचं : वाशिष्ठीकाठच्या एका घराची विक्री

जाहिरातीत चार गोष्टी ठळक अक्षरांत होत्या : ‘व्हिक्टोरियन हेरिटेज व्हिला’, ‘रिव्हर टच’, ‘संपूर्ण नूतनीकरण’ आणि ‘क्लिअर टायटल’. अपेक्षा दोन कोटी पंच्याहत्तर लाखांची. घर आणि कागद दोन्ही पाहून झाल्यावर या चारांतला एकही दावा जसाच्या तसा टिकला नाही. घर मात्र उत्तम होतं. इतक्या चांगल्या घरावरून नऊ महिने गिऱ्हाइकं का परत जात होती, हे शोधायचं काम जून २०२४ मध्ये माझ्याकडे आलं. मी मूल्यांकनकार. माझं काम खरं तर आकडा काढून देण्याचं, पण कोकणातल्या जुन्या घराचा आकडा काढायचा तर भिंत, नदी आणि सातबारा अशा तिन्ही ठिकाणी हात घालावा लागतो.

घरच्यांचं आणि गावाचं नाव देत नाही. माणसं नात्यानंच ओळखू. गाव चिपळूणच्या खाली, गोवळकोट मागे टाकल्यावर खाडीच्या अंगाला आहे, एवढं पुरे.

घर

दिंडीदरवाजाच्या पट्टीवर ‘शके १८१५’ कोरलंय, म्हणजे १८९३-९४. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, तेव्हा काळाच्या हिशेबानं ‘व्हिक्टोरियन’ म्हणायला हरकत नाही. पण घराकडे नीट पाहिलं की गंमत कळते. तळमजला अस्सल इकडचा : साडेतीन फुटांचं जांभ्याचं जोतं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, अंधारी बाळंतिणीची खोली, मागे परसदार आणि रहाटाची विहीर. जिना चढून वर गेलं की माणूस गिरगावात पोचतो. बिडाचा वेलबुट्टीचा कठडा, कमानदार खिडक्यांत लाल-निळ्या काचा, दिवाणखान्यात नक्षीच्या लाद्या, पागोळ्यांखाली लाकडी झालर. बांधणाऱ्या पणजोबांचा मुंबईला किराणा मालाचा घाऊक धंदा होता. पावसाळ्याआधी गलबतातून माल दाभोळला यायचा, तिथून भरतीचा वेळ साधून पडावातून वर. कुटुंबात सांगतात की कठड्याचा एक तुकडा दाभोळला उतरवताना पाण्यात पडला, म्हणून दक्षिणेकडच्या सज्जाला शेवटचे तीन हात लाकडी गज आहेत. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, गज मात्र आहेत.

छपरावर मंगलोरी कौलं. दुरुस्तीत उतरवलेल्या काही कौलांच्या पाठीवर बासल मिशनचा शिक्का निघाला. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केलेला हा कारखाना. समुद्रमार्गे त्याची कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर गेली आणि इथल्या नळ्यांची सद्दी संपली. शिक्क्याची सव्वीस कौलं काकूंनी बाजूला काढून माळ्यावर रचून ठेवली होती. पोरांनी एक पुण्याला शोकेसमध्ये नेलं, ते धरलेलं नाही.

‘हेरिटेज’ या शब्दाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. हे घर कुठल्याही सरकारी वारसा यादीत नाही. ग्रामपंचायत हद्दीतली अशी शेकडो घरं कसल्याच यादीत नाहीत. त्यामुळे घेणाऱ्यावर बंधन नाही, पण संरक्षणही नाही. उद्या कुणी जेसीबी लावला तर अडवणारं कुणी नाही. दलालाच्या तोंडी ‘हेरिटेज’ म्हणजे ‘जरा जास्त दर’ एवढंच.

पूर आणि डागडुजी

२२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूणकरांना सांगायला नको. वर सह्याद्रीत कोसळणारा पाऊस, समोरून भरती, मध्ये गाळानं उथळ झालेली वाशिष्ठी. या घरातही पाणी शिरलं. काकू, म्हणजे धाकट्या काकांच्या पत्नी, तेव्हा घरात एकट्या. देवांची ताटली घेऊन माडीवर गेल्या आणि दीड दिवस तिथंच होत्या.

पाणी ओसरल्यावर पुण्याच्या पुतण्यानं मनावर घेतलं. अमेरिकेतल्या भावानं पैसे पाठवले. त्या दिवाळीपासून मे २०२३ पर्यंत, मधला पावसाळा सोडून, काम चाललं. एकूण खर्च एक्केचाळीस लाख : पुणेकरांचे एकोणतीस, अमेरिकेचे बारा.

यातलं जे काम गवंड्याच्या हातचं झालं ते पाहून मी थक्क झालो. १९८० च्या दशकात कुणीतरी माजघराच्या भिंतींना कमरेएवढा सिमेंटचा गिलावा केला होता, ‘पक्कं’ म्हणून. जांभा पाणी पितो आणि सोडतो, त्याची सच्छिद्र जातच तशी. सिमेंटनं तोंड बंद केलं की आत शिरलेलं पाणी वरची वाट धरतं, आणि गिलावा संपतो तिथं लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी बुरशी, फुटतो. पुरानंतर चार महिन्यांनीही त्या भिंती हाताला गार लागत होत्या. गवंडी गुहागरकडचा, सत्तरीच्या घरातला. त्यानं सगळं सिमेंट उखडून भिंती एक अख्खा उन्हाळा उघड्या ठेवल्या. चुनकळी विझवून चुना टाकीत मुरत ठेवला, त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घातला. पुणेकरांनी विचारलं, महिन्याभरात उरकेल का? तो म्हणाला, “चुन्याला घाई चालत नाय. वरून सुकलेला दिसतो, आत वला ऱ्हातो.” चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतं. म्हणून तो प्रत्येक थरावर ओली पोती टांगून ठेवायचा. कामगार हसायचे.

ओटीचे खांब सागवानी. त्यांतल्या चारांची बुडं तळखड्यालगत कुजली होती. सबंध खांब न बदलता दीड फूट कापून जुन्याच लाकडाचा सांधा दिला. बोट फिरवलं तर कळतो, डोळ्याला नाही.

त्यानंतर घरात सजावटवाले शिरले. नक्षीच्या लाद्यांवर चकाकणारा इपॉक्सीचा थर दिला, खालची ओल वर यायची वाटच बंद. खांबांवर काचेसारखं पॉलिश. बटणं आणि प्लग जमिनीपासून एक फुटावर, कारण मासिकातल्या फोटोत तशी असतात. इन्व्हर्टर जिन्याखाली जमिनीवर. आणि मागच्या बाजूला, नदीकडे, आरसीसीच्या दोन नव्या खोल्या, दोन्हींना जोडून संडास-बाथरूम, पुढे ‘सनसेट डेक’. पुढे होमस्टे करता येईल असा विचार. या दोन खोल्यांनी पुढे सगळ्यांत जास्त त्रास दिला.

पावसातली भेट

जुनं घर पाहायचं तर जुलैत. मार्चमध्ये कोकणातलं कुठलंही घर छानच दिसतं. मी गेलो तेव्हा पाऊस तीन दिवस लागून होता, नदी पात्रातच होती. खिशातल्या किल्लीनं भिंती ठोकत फिरलो. चुन्याचा गिलावा भरीव बोलत होता, एके ठिकाणीही पोकळ नाही. कौलं गळत नव्हती, फक्त उत्तरेच्या पाख्यात पन्हळीजवळ एक रीप ओली होती. दिवाणखान्यात मात्र इपॉक्सीखाली पांढुरके ढग जमले होते. आणि नव्या बाथरूममधलं कमोड मधूनमधून गुडगुडत होतं. सेप्टिक टँक नदीकडच्या उतारावर सगळ्यांत खाली घेतलेला, पावसात भूजल वर आलं की टाकीला पाणी सोडायला जागाच उरत नाही.

देवघराच्या दाराशी एक कॅलेंडर टांगलं होतं. देवघरात कॅलेंडर असतं, पण हे चौकटीच्या आतल्या बाजूला, कुणी पाहूच नये अशा ठिकाणी होतं. मी उचललं. मागे चौकटीच्या लाकडावर कोळशानं ओढलेल्या दोन आडव्या रेघा. खालचीपुढे ‘जुलै २००५’, वरचीपुढे ‘२२-७-२१’. टेप लावली : जमिनीपासून दोन फूट एक इंच आणि चार फूट पाच इंच. ओटीच्या खांबांवरचा पुराचा पट्टा पॉलिशवाल्यानं घासून काढला होता. ही चौकट काकूंनी त्याला घासू दिली नाही, मग दलालानं कॅलेंडर आणून लावलं.

“पुसायची नाहीत,” काकू म्हणाल्या. “खालची यांच्या हातची आहे.” हे, म्हणजे गेलेले काका.

मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी लिहिलं : प्लग १ फूट. म्हणजे २००५ चं पाणी पुन्हा आलं तरी सगळी वायरिंग बुडणार.

आपल्याकडे पूररेषा दोन. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये अटींसह. २०२१ नंतर चिपळुणात या रेषांवरून आणि वाशिष्ठीतल्या गाळावरून केवढा गदारोळ झाला, ते सगळ्यांना आठवतं. या गावात रेषेचे दगड रोवलेले नाहीत. तेव्हा त्या घरापुरती सर्वांत विश्वासाची पूररेषा म्हणजे ती देवघराची चौकट, असं मी अहवालात लिहिलं. पुणेकरांना ते वाक्य आवडलं नाही.

‘रिव्हर टच’चं काय? भूमी अभिलेखकडून मोजणी आणून भरतीरेषेपासून अंतर काढलं. घर चौसष्ट मीटर, नव्या खोल्या एक्केचाळीस. नदी तिथं भरतीची आहे, मे महिन्यात पाणी मचूळ लागतं, म्हणजे सीआरझेडचा, किनाऱ्या-खाड्यांलगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, विषय आलाच. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेत शंभराचे पन्नास झाले. खाडीची रुंदी तिथं शंभराच्या वर आहे. म्हणजे जुनं घर एका मोजपट्टीनं आत, दुसऱ्या मोजपट्टीनं बाहेर. पण ते दोन्ही नियमांच्या आधीचं, त्याच जोत्यावर दुरुस्त केलेलं, त्याला फारशी भीती नाही. नव्या दोन खोल्या दोन्ही मोजपट्ट्यांनी आत, आणि त्यांना ग्रामपंचायतीचीही परवानगी नव्हती. ‘सगळेच बांधतात’ हे उत्तर मला मिळालं. सगळेच बांधतात हे खरं आहे. पण सगळेच विकायला काढत नाहीत, आणि वकील लावलेला घेणारा पहिला दगड तिथंच उचलतो.

जाता जाता : जाहिरातीत नदीत पोहण्याचाही उल्लेख होता. ओहोटीला समोरच्या चिखलाच्या बेटावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. वाशिष्ठीच्या मगरी पाहायला लोक होड्या करून येतात. तो उल्लेख मी त्याच दिवशी काढायला लावला.

कागद

आधीचा मोडलेला सौदा मुंबईच्या एका गृहस्थांशी होता. पाच लाख बयाणा देऊन त्यांनी वकिलाकडून सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, करून घेतला आणि बयाणा परत मागितला. कारण सातबारावर थोरल्या काकांचं, म्हणजे या भावंडांच्या वडिलांचं एकट्याचं नाव होतं, पुढे ‘ए. कु. मॅ.’. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, हे कोकणात दर दुसऱ्या घरी नव्यानं कळतं. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुणेकरांच्या नावावर होता. तेच त्यांचं ‘क्लिअर टायटल’. तो उतारा घरपट्टीचा, मालकीचा नाही.

वंशावळ मांडायला बसलो. आजोबांना दोन मुलगे. थोरल्याला पाच अपत्यं : डोंबिवली, पुणे आणि अमेरिकेतले तीन भाऊ, गोरेगावची एक बहीण, आणि दुसरी वारलेली बहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं आहेत. धाकटे काका निपुत्रिक गेले, आजी त्याआधीच गेलेली. त्यांच्या मागे फक्त काकू.

भावांचा हिशेब असा की तीन भाऊ, तीन वाटे. बहिणींची लग्नं थाटात झाली, त्यांनी ‘आम्हाला काही नको’ म्हटलंय. तोंडी नको म्हटल्यानं हक्क जात नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. आणि ९ सप्टेंबर २००५ पासूनची हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल, यांनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच, ती जन्मानंच सहहिस्सेदार. इथवर भावांनी मान डोलावली. मग मी काकूंकडे वळलो.

पुणेकर म्हणाले, “म्हणजे काकूंची सही लागेल, एवढंच ना?”

मी म्हटलं, “सही नाही. निम्मं घर.”

दोन मुलग्यांच्या दोन शाखा, प्रत्येकी अर्धा हिस्सा. धाकट्या शाखेत वारस एकच. पाच भावंडांना मिळून जितकं, तितकं एकट्या काकूंना. तीस वर्षं ज्यांना ‘आम्ही सांभाळतो’ असं हे भाऊ म्हणत होते, त्या काकूच त्यांना सांभाळत होत्या. काकूंना हे ठाऊक होतं का? त्या चहा गाळत होत्या, वर पाहिलं नाही. मला वाटतं, ठाऊक होतं.

डोंबिवलीकर भडकले. माझा दहावा हिस्सा मी बिल्डरला विकतो म्हणाले. विकता येईल, पण घेणाऱ्याला राहत्या घरात संयुक्त ताबा मिळत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तेच सांगतं. आणि त्यानं वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्यानुसार घरचे लोक तो हिस्सा ठरलेल्या किमतीला परत घेऊ शकतात. कायदा आणि घर एकाच वर्षाचे, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

दुसरी गाठ आगराची. घराखालचे अकरा गुंठे वेगळे, आणि माड-पोफळीचं वीस गुंठ्यांचं आगर वेगळ्या हिस्स्यात. आगराच्या ‘इतर हक्कां’त एका कुळाचं नाव. “तो केव्हाच मुंबईला गेला,” सगळे एका सुरात. माणूस गेला तरी नाव राहतं, आणि नावामागे वारस असतात. ते प्रकरण तहसीलदारांपुढे चालेल तेव्हा चालेल. मी सांगितलं, आगर विक्रीतून काढा. रडतखडत मान्य झालं.

तिसरी गोष्ट घेणाऱ्याच्या बाजूची. अकरा गुंठे गावठाणात नाहीत, सातबाराचीच जमीन आहे. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती सरळ घेता येत नाही. मुंबईच्या गृहस्थांनी बयाणा परत नेला ते बरंच झालं, ते शेतकरी नव्हतेच.

किंमत

दोन पंच्याहत्तर कुठून आले? पुणेकरांनी सांगितलं : जमिनीचे इतके, खर्चाचे एक्केचाळीस, आणि ‘हेरिटेज व्हॅल्यू’. माझा आकडा एक कोटी पंचवीस ते चाळीस. जुन्या घरात घातलेला रुपया किमतीत रुपयाच म्हणून निघत नाही. गवंड्याचा चुना, खांबांचे सांधे, छप्पर यांचं मोल मी जवळजवळ पूर्ण धरलं. इपॉक्सी आणि पॉलिशचं शून्य. आरसीसीच्या खोल्यांचं उणे, कारण त्या पाडायचा खर्च.

शिवाय बँक. मी स्वतः बँकांसाठी अहवाल लिहितो, म्हणून सांगतो : एकशेतीस वर्षांच्या इमारतीचं ‘उर्वरित आयुष्य’ लिहायचा रकाना आला की जुना चुना कितीही बोलका असो, हात आखडतो. कर्ज जमिनीवर मिळतं, घरावर नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचे पैसे आहेत असंच गिऱ्हाईक, आणि अशी गिऱ्हाइकं थोडी.

सप्टेंबरात मी जाहिरात नव्यानं लिहून दिली. जवळपास अशी : ‘शके १८१५ मधलं जांभ्याचं दुमजली घर, चुन्याच्या गिलाव्यात दुरुस्त केलेलं, अकरा गुंठे. वाशिष्ठीच्या भरतीरेषेपासून चौसष्ट मीटर. जुलै २०२१ मध्ये घरात ४ फूट ५ इंच, २००५ मध्ये २ फूट १ इंच पाणी. आठ वारस, सर्वांची संमती. घेणारा शेतकरी असणे आवश्यक.’ दलालानं दोनदा वाचली आणि विचारलं, “साहेब, विकायचंय ना?” दोन खोल्या तोवर पाडून झाल्या होत्या. प्लग पाच फुटांवर नेले, इन्व्हर्टर माडीवर गेला, सेप्टिक टँक रस्त्याच्या बाजूला उंचावर घेतला. कॅलेंडर काढलं.

फोन कमी आले. पण आलेल्यांतलं पुण्याचं एक जोडपं आधी पुराबद्दलच बोललं. बाई वास्तुरचनेतल्या. घरात आल्यावर त्या माडीवर गेल्याच नाहीत, सरळ देवघराच्या चौकटीशी जाऊन रेघेला लागून उभ्या राहिल्या. वरची रेघ त्यांच्या खांद्याला लागली. मग विचारलं, पाणी किती तासांत चढलं आणि उतरताना कुठून गेलं? काकूंनी परसदारातून हात करून दाखवलं. ओटीतून शिरलं, आगरातून गेलं. तासभर त्या दोघी पावलं मोजत फिरत होत्या, नवरा आणि मी झोपाळ्यावर. त्यांच्या माहेरची साताऱ्याकडे शेती, सातबारावर नाव, शेतकरी दाखला त्यांच्याकडे. खरेदी त्यांच्या नावानं ठरली. एक कोटी एकतीस लाख.

वाटणीचा तंटा मग आला. एक्केचाळीस लाख आधी आमचे द्या, पुणेकर म्हणाले. सहहिस्सेदारानं इतरांना न विचारता केलेला खर्च आपोआप वसूल होत नाही. कोर्टात गेलं तर न्यायाधीश पाहतील ते. काकूंनी मिटवलं. ज्या कामानं घर उभं राहिलं त्याचे द्यायचे, ज्याची किंमत कुणी दिली नाही त्याचे नाही. गवंड्याची वही काढली. चुना, खांब, छप्पर, वायरिंग मिळून सव्वीस लाख बसले. ते बाजूला काढून उरले एक कोटी पाच. निम्मे, साडेबावन्न, काकूंचे. प्रत्येक भावंडाला साडेदहा, वारलेल्या बहिणीच्या तिघा वारसांना साडेतीन-साडेतीन.

ती वही आणखी एके ठिकाणी उपयोगी पडली. भांडवली नफा काढताना १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, आणि त्यानंतर केलेल्या सुधारणांचा खर्च वजा होतो, पण पुरावा लागतो. सजावटवाल्यांची रंगीत बिलं भरपूर होती. गवंड्याकडे होती ती सहीच्या पानांची वही, तारीखवार, पोत्यांच्या हिशेबासकट. सीएंनी ती ठेवून घेतली. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला साडेबारा टक्के दर. जुन्या मिळकतीवर महागाई निर्देशांकासह वीस टक्क्यांचा पर्याय निवासी भारतीयांना आहे, अमेरिकेच्या भावाला नाही. त्याच्या हिश्शावर घेणाऱ्यानं अनिवासी म्हणून कर कापला, त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागला. त्याचं मुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं, आणि आल्यापासून तीन महिन्यांत इथं मुद्रांक लावायचं असतं ते नव्वदीतल्या अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी लागलं.

काकूंची अट

काकूंची एकच अट : घर पाडायचं नाही. वकील म्हणाले, मालकी पूर्ण देऊन वर ‘असंच वापरा’ म्हणता येत नाही, अशी अट कायद्यापुढे टिकत नाही. मात्र असं सांगणाऱ्या कलमातच एक पोटवाट आहे. विकणाऱ्याकडे शेजारी दुसरी मिळकत उरत असेल, तर तिच्या उपभोगासाठी घातलेली अट टिकते. आणि आगर उरलं होतं. ज्या कुळाच्या नावावरून भाऊ माझ्यावर नाराज होते, त्याच्यामुळेच खरेदीखतात दोन अटी घालता आल्या. आगरात जायची सहा फुटी पाखाडी मोकळी ठेवायची, आणि भराव घालून जमिनीची पातळी वाढवायची नाही, म्हणजे पुराचं पाणी आगरावर लोटलं जाणार नाही. दुसरी अट मुळात काकूंच्या डोक्यातली. भराव नाही म्हणजे नवं बांधायचं आकर्षणही निम्मं गेलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

घर न पाडण्याबद्दल त्या बाईंनी वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. हा कागद कोर्टात शून्य आहे, हे मी दोघींनाही सांगितलं. दोघींनी सह्या केल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवला. मुखत्यारपत्रासकट आठ विकणारे, खुर्च्या चार. काकू गोरेगावच्या पुतणीकडे राहायला गेल्या, बासल मिशनची सव्वीस कौलं घरातच ठेवून. मे महिन्यात गवंडी पुन्हा आला. पावसाच्या बाजूच्या भिंतीला चुन्याचा एक हात दिला, दिवाणखान्यातलं इपॉक्सी खरवडायला माणसं लावली. नव्या मालकीणबाईंनी चौकटीवरच्या रेघांवर काच बसवू का म्हणून विचारलं. त्यानं नको म्हटलं, काचेमागे लाकूड घामेजतं.

आगराचं प्रकरण तहसीलदारांकडे आहे. कुळाचे तीन वारस सापडले, दोन विरारला, एक गावातच. पुढची तारीख दिवाळीनंतरची.